आईचा लिलाव

धाकट्या जावेच्या पार्टीला पुन्हा म्हणून जायचं नाही, असं थोरलीनं मागच्याच खेपेला ठरवून टाकलं होतं. मागची पार्टी होती ‘जहाजावरची मेजवानी’. थोरलीच्या नवऱ्याला, म्हणजे गावातल्या बऱ्यापैकी नावाजलेल्या दंतवैद्याला, दारातच खलाशाची टोपी घालून हातात फरशी पुसायचा दांडा दिला होता. “जेवायला बोलावतात, फरशी पुसून घेतात आणि वर विचारतात, मजा आली ना?” हे दंतवैद्य पुढे महिनाभर प्रत्येक पेशंटला सांगत होता. तोंडाचा आ करून बसलेला पेशंट काय बोलणार? सगळ्यांनी सहानुभूतीच दाखवली, असं त्याचं मत झालं.

पण आज जाणं भाग होतं. सासूबाईंचा पंचाहत्तरावा वाढदिवस होता. धाकटीनं आमंत्रणात लिहिलं होतं, ‘आई-अण्णांचं लग्न झालं त्या सालात या. येताना त्या काळातलं आपल्या घरातलं कुणीतरी बनून या. आजचे कपडे दारात जप्त होतील.’

“जप्त म्हणजे?” दंतवैद्यानं गळ्यात स्टेथोस्कोप अडकवत विचारलं.

“तुम्ही कोण झालायत?”

“फॅमिली डॉक्टर.”

“घरातलं कुणीतरी सांगितलंय तिनं.”

“फॅमिली डॉक्टर फॅमिलीतलाच असतो,” तो म्हणाला आणि आरशात पाहून खूश झाला. मग त्याचं बायकोकडे लक्ष गेलं आणि तो दचकला. “अगं, ही तर आई!”

थोरलीला हेच ऐकायचं होतं. सासूबाई धाकटीबरोबर राहायच्या त्या घराच्या बोळात त्यांचा एक जुना फोटो लावलेला होता. लग्नाआधी त्या टेलिफोन एक्सचेंजमध्ये कामाला होत्या, तेव्हाचा. निळा फ्रॉक, त्यावर पांढरे टपोरे ठिपके, रुंद पांढरा पट्टा, केसांचा उंच बांधलेला डोलारा आणि मांजरीच्या डोळ्यासारखा टोकदार कोपऱ्यांचा चष्मा. त्या फोटोवरून थोरलीनं गुपचूप फ्रॉक शिवून घेतला होता. पट्ट्यासाठी पोट आत ओढून धरावं लागत होतं, त्यामुळे ती जरा श्वास रोखून बोलत होती.

“आज विषय काढणार ना तुम्ही?” तिनं विचारलं.

“काढणार. केक कापला की लगेच. अण्णा जाऊन दोन वर्षं झाली. एवढं मोठं घर, सगळं भंगारानं भरलेलं. ते विकायचं आणि आईला आपल्याकडे आणायचं. साधी गोष्ट आहे.”

साधी गोष्ट थोरलीनं आधीच करून ठेवली होती. घरातली पूर्वेकडची खोली रंगवून घेतली होती, पडदे स्वतः शिवले होते. सासूबाईंनी आपल्याला या फ्रॉकमध्ये पाहिलं की त्यांना एका क्षणात कळेल, आपल्याला समजून घेणारी सून कोणती ते. असा तिचा हिशेब होता.

*

भंगार हा शब्द धाकटीसमोर उच्चारायची सोय नव्हती. ती दुकानांच्या दर्शनी काचांमागची सजावट करायची. लग्न होऊन या घरात आली तेव्हा बाकीच्या सुनांना दागिन्यांची पेटी दाखवली तर जसं होईल, तसं तिला बैठकीची खोली बघून झालं होतं.

तिचे सासरे, अण्णा, लिलाववाले होते. लोकांची जुनी घरं रिकामी व्हायची, त्यातलं सामान अण्णा हातोडा आपटून विकायचे. आणि जे कुणीच घ्यायचं नाही ते हातगाडीवर घालून स्वतःच्या घरी आणायचे. “बिचारं एकटं पडलं,” म्हणायचे. अशी एकटी पडलेली मंडळी घरात ठासून भरली होती. लंबक नसलेलं घड्याळ. अर्ध्या पट्ट्या मुक्या झालेला पियानो. कुठल्यातरी न्हाव्याच्या दुकानातली फिरती खुर्ची. पितळेचे दिवे, त्यांच्यावर झालरीच्या छत्र्या. आणि कोपऱ्यात एका पायावर उभा असलेला, आत भुसा भरलेला बगळा.

धाकटीनं आज त्या सगळ्यांना नटवून सजवलं होतं. दिव्यांवर पिवळा कागद लावल्यामुळे खोलीला जुन्या फोटोचा रंग आला होता. फिरत्या तबकडीचा फोन मधोमध मांडला होता. बगळ्याच्या गळ्यात टाय होता.

“आई खूश होतील ना रे?” तिनं नवऱ्याला विचारलं.

“शक्यता आहे,” तो म्हणाला. धाकटा हवामान खात्यात होता. त्यानं लग्नाची मागणीसुद्धा अशीच घातली होती, असं धाकटी सांगायची.

“दादा आज घराचा विषय काढणार, लिहून ठेव. आपण काय म्हणायचं?”

“आईचा जीव या घरात आहे, असं म्हणायचं.”

“आणि तो आहेच!” धाकटी जोरात म्हणाली. मनातून तिला ठाऊक होतं, सासूबाई हलल्या की घर गेलं, आणि घर गेलं की बगळा, पियानो, पार्ट्या, सगळंच गेलं. तेवढ्यात बेल वाजली. तिनं डोक्यावरचा डोलारा सावरला, चष्मा नाकावर चढवला आणि दार उघडलं.

दारात ती स्वतःच उभी होती. जरा रुंद, पण तीच. निळा फ्रॉक, पांढरे ठिपके, पांढरा पट्टा, टोकदार चष्मा.

“अगंबाई!” बाहेरची म्हणाली.

“वहिनी!” आतली किंचाळली.

“हे काय घातलंयस तू?”

“तुम्ही काय घातलंय?”

“मी महिनाभर आधी शिवायला टाकला होता.”

“मी दीड महिना आधी! शिवाय थीम माझी, घर माझं...”

“घर तुझं?” थोरलीचं पोट सुटता सुटता राहिलं. “ऐकलंत का हो? घर हिचं झालं!”

दंतवैद्य मागून डोकावला, दोघींकडे आळीपाळीनं पाहिलं आणि सवयीनं म्हणाला, “आधी कुणाचं दुखतंय ते सांगा.”

*

आई आपल्या खोलीत पलंगावर बसल्या होत्या. घरातला रोजचा राखाडी झगा त्यांनी बदलला नव्हता. “मी आईच आहे, मला आणि कशाला कुणी बनवता?” असं त्यांनी धाकटीला सांगून टाकलं होतं. बाहेरचा कलकलाट वाढला तशा त्या उठल्या. दोन्ही सुना एकाच वेळी ओरडत असतील तर घरात काहीतरी फुटलेलं असतं, आणि फुटलेलं असेल तर निदान एक वस्तू कमी झाली, या आशेनं त्या बाहेर आल्या.

बैठकीच्या मध्यावर त्यांची दोन तरुणपणं एकमेकींसमोर कमरेवर हात ठेवून उभी होती.

आई पुढे आल्या. त्यांनी थोरलीला नीट न्याहाळलं. “मी एवढी जाड होते?” मग धाकटीकडे वळल्या. “आणि एवढी नटवी?”

दोघींची तोंडं सारखीच पडली. त्या बाबतीत आई न्यायी होत्या.

“चष्मा मात्र अस्सा होता,” त्या म्हणाल्या. “वन्संनी त्यावर बसून मोडला.”

वन्सं म्हणजे आत्या, अण्णांची धाकटी बहीण. जन्मभर शाळेत मुलींना कवायत शिकवली, लग्न केलं नाही, आणि आता पोहण्याच्या तलावामागं तळमजल्यावरच्या दोन खोल्यांत एकटी राहायची. आईचं आणि तिचं विळ्याभोपळ्याचं सख्य होतं. ‘उद्या रविवार’ यावरसुद्धा दोघींचं एकमत व्हायचं नाही.

“त्या नाही आल्या अजून?” आईनं विचारलं आणि तेवढ्यात दार ढकललं गेलं.

उंबऱ्यावर अण्णा उभे होते. तोच काळा लांब कोट, तीच रुबाबात मागं झुकलेली मान, नाकाखाली आखूड मिशी, हातात लिलावाचा लाकडी हातोडा. भावाचा चेहरा आत्याला पहिल्यापासून होताच. मिशीनं उरलेलं काम केलं. धाकट्याच्या हातातला सरबताचा पेला कलला. दंतवैद्य नकळत सरळ उभा राहिला, लहानपणी राहायचा तसा.

आईच्या तोंडातून आपोआपच आलं, अण्णा दारात आले की रोज यायचं तेच.

“आधी पाय पुसा.”

आत्यानं मुकाट्यानं पाय पुसले. एवढ्या वर्षांत तिनं भावजयीचं ऐकल्याची ही पहिली वेळ होती.

*

केक कापून झाला. फोटो झाले; प्रत्येक फोटोत तीन आया आल्या, म्हणून दोन्ही सुना अधूनमधून एकमेकींना कोपरानं चौकटीबाहेर ढकलत होत्या. दंतवैद्यानं घसा साफ केला.

“आई, मला एक बोलायचंय. आम्ही तुझ्यासाठी पूर्वेची खोली तयार केलीय. हे घर आता...”

“आईंचा जीव या घरात आहे!” धाकटीनं मध्येच सांगितलं.

“तुला काय ठाऊक?” थोरली उसळली.

“मला नाही तर कुणाला? मी रोज त्यांच्याबरोबर असते.” आणि ठिपक्यांचा फ्रॉक अंगावर असल्यामुळे असेल, धाकटीचा आवाजच बदलला. तिनं चष्म्याच्या वरून पाहत आईच्या सुरात सांगितलं, “मी या घरात लग्न होऊन आले, इथूनच जाईन. मला कुणी हलवायचं नाही!”

“हो का?” थोरलीनंही डोलारा ताठ केला. आईचा सूर तिलाही येत होता, धाकटीपेक्षा दहा वर्षं जास्त ऐकला होता. “मला आता जिने झेपत नाहीत गं. मला थोरल्याकडे नेऊन सोडा. सकाळचं कोवळं ऊन खात बसेन.”

“मी असं म्हणणारच नाही!”

“मी असंच म्हणेन!”

“तू गप्प बस, मी आई आहे!”

“आई मी आहे!”

खरी आई न्हाव्याच्या खुर्चीत बसून इकडून तिकडे मान वळवत होत्या. खुर्ची फिरती असल्यामुळे त्यांना ते सोपं जात होतं.

“अरे, तू काहीतरी बोल,” दंतवैद्यानं भावाला डिवचलं. “तुला काय वाटतं, आई कुठं सुखात राहील?”

“दोन्हीकडे शक्यता आहे,” धाकटा म्हणाला, आणि दोन्ही ठिपकेवाल्या त्याच्यावर तुटून पडल्या.

ठाण्!

आत्यानं हातोडा पियानोवर आपटला. नेमकी एक न मेलेली पट्टी खाली होती, तीही वाजली.

“माल समोर बसलाय आणि गिऱ्हाइकं आपसात भांडतायत!” ती अण्णांच्या खर्जात गरजली. “असा लिलाव मी कधी चालू दिला होता का? बसा सगळे!”

सगळे बसले. आत्या रंगात आली.

“मंडळी! आजचा एकमेव माल. आई! पंचाहत्तर वर्षं जुनी, एकहाती वापरलेली. उजव्या गुडघ्यात थोडी करकर. जीभ धारदार, गंज नाही. बोला!”

“वन्सं, चावटपणा पुरे,” आई म्हणाल्या.

“मालानं बोलायचं नसतं. बोला, कोण नेतं?”

दंतवैद्याला हे पोरकट वाटत होतं, पण समोर वडिलांचा कोट होता आणि स्पर्धा लागली होती. “पूर्वेची खोली,” तो पुटपुटला.

“पूर्वेची खोली आली! पुढं?”

“स्वतःचं घर, ओळखीची माणसं!” धाकटी ओरडली.

“लिफ्ट!” थोरली.

“मऊ गादी!”

“आमची जास्त मऊ! आणि न्हाणीघरात धरायला दांडी!”

“रोज रेडिओ! चालू असलेला!”

“दातांचं सगळं फुकट,” दंतवैद्यानं जोर लावला.

“माझी कवळी आहे,” आई म्हणाल्या. “तूच बसवलीस.”

“पूर्वेची खोली, लिफ्ट, दांडी आणि कवळी!” आत्यानं हातोडा उचलला. “एक वार! दोन वार!”

आईनं हात वर केला.

“मालाला बोली लावता येत नाही!” आत्या म्हणाली.

“तुम्ही तुमच्या भावाच्या किती लिलावांना बसला होतात? मी बसले होते. हातोडा पडायच्या आधी मालकाला आपला माल मागं घेता येतो.” आईनं खुर्ची सावकाश फिरवली आणि सगळ्यांना एकदा पाहून घेतलं. “माल माझा आहे. मी मागं घेतला.”



“मला ऊन सोसत नाही,” आई थोरलीला म्हणाल्या. “डोकं चढतं. पंचवीस वर्षं सून आहेस माझी, एकदा तरी उन्हात बसलेली पाहिलंयस मला?” मग धाकटीकडे वळल्या. “आणि तू म्हणतेस जीव आहे या घरात. अगं, पन्नास वर्षं मी हे सगळं पुसते आहे. हा दिवा, तो दिवा, ते बंद घड्याळ. त्या मेल्या बगळ्याच्या डोळ्यातली धूळ मी काडीला कापूस लावून काढते. माझा जीव घरात नाही, फडक्यात आहे.”

“आई, मग तुला जायचंय तरी कुठं?” दंतवैद्यानं विचारलं.

“वन्संकडे.”

आत्याची मिशी एका बाजूनं सुटली. “कुणाकडे? माझ्याकडे? मला न विचारता?”

“लग्नाच्या दुसऱ्या दिवशी तुमच्या भावानं हा बगळा घरी आणला. मला विचारलं होतं?”

“त्याचा जाब मला?”

“आज तुम्ही त्याचा कोट घातलाय, तेव्हा तुम्हालाच.” आई पुढे सरकून बसल्या. “वन्सं, तुमच्याकडे एक टेबल, दोन खुर्च्या आणि कॉट. भिंतीला खिळासुद्धा नाही. मागं एकदा आले होते, तुम्ही चहा ठेवायला आत गेलात आणि मी त्या रिकाम्या खोलीत बसले. काय बरं वाटलं म्हणून सांगू! तुम्ही बाहेर येऊन बोलायला लागलात, तेव्हा जरा बिघडलं. पण तेवढं मी चालवून घेईन.”

आत्यानं हातोडा खाली ठेवला. एकटीनं राहायची तिला सवय होती, आवडही होती. पण अलीकडे तलावावरून परत आल्यावर आपण रिकाम्या खुर्चीशी मोठ्यानं बोलतो, हे तिच्या ध्यानात आलं होतं. ते तिनं कुणाला सांगितलं नव्हतं. आताही सांगणार नव्हती.

“एकसुद्धा वस्तू आणायची नाही,” ती म्हणाली.

“हे तुम्ही मला सांगता?”

“घोरायचं नाही.”

“घोरता तुम्ही.”

“सकाळी माझ्याबरोबर तलावावर यायचं.”

“काठावर बसेन.”

“काठावर बसू देत नाहीत. पाण्यात उतरायचं.”

“आईच्या गुडघ्याला...” दंतवैद्यानं तोंड उघडलं.

“तू दातांचा आहेस,” आई म्हणाल्या. “घोट्यापर्यंत उतरेन.”

“कमरेपर्यंत.”

“गुडघ्यापर्यंत, आणि करकर वाजली तर हसायचं नाही.”

“दिला!” आत्या म्हणाली.

दंतवैद्यानं शेवटचा प्रयत्न केला. “मग हे घर तरी विकू या ना?”

“घर माझं आहे, ते राहील. धाकटीला एवढं आवडतं ना सगळं?” आईनं धाकटीच्या गालावरून हात फिरवला. “फडकं दारामागं टांगलंय, बाळ. बगळ्यापासून सुरुवात कर.”

*

स्वयंपाकघरात दोन्ही सुना पेले विसळत होत्या. थोरलीनं पट्टा सोडला होता आणि आता तिला नीट श्वास घेता येत होता, तर डोळ्यांतून पाणी यायला लागलं.

“वहिनी, खोली काही वाया जात नाही,” धाकटी म्हणाली.

“खोलीचं कोण बोलतंय? दिवसभर दवाखान्याच्या काउंटरवर बसते. संध्याकाळी घरी आले की हे वर्तमानपत्रात. बोलायला माणूस नाही गं. म्हटलं, आई आल्या तर निदान भांडायला तरी कुणी असेल.”

धाकटीनं पेला खाली ठेवला. “मला तर नुसतं घर हवं होतं. आता ते मिळालं, आणि सकाळचा चहा कुणाबरोबर घ्यायचा तेच कळेना झालंय.” ती जरा थांबली. “तुम्ही येत जा की. भांडू आपण.”

“तुझ्याशी काय भांडायचं? तू हो म्हणतेस आणि करतेस आपलंच.”

“मग? पुरेल की ते आपल्याला दोन-चार वर्षं.”

थोरलीला रडता रडता हसू आलं. तिनं फ्रॉकच्या टोकाला नाक पुसलं, मग धाकटीच्या फ्रॉककडे बघितलं. “पण खरं सांग, शिवणारी कोण तुझी? बाही फारच छान बसलीय.”

बाहेरून दंतवैद्याची हाक आली. आई निघाल्या होत्या. उद्या नाही, परवा नाही, आत्ताच. खोलीतून त्या छोटी पिशवी घेऊन आल्या, तिची चेन केव्हाचीच लावलेली होती. दोघी सुना नमस्काराला एकदमच वाकल्या, आणि आईनं दोघींच्या पाठीत एकेक धपका घातला. “नीट उभ्या राहा. मी कधी वाकून नव्हते चालत.”

दंतवैद्यानं गाडी काढली. थोरली आवरायला मागं थांबली. दोघी म्हाताऱ्या मागच्या सीटवर बसल्या. रस्त्यावरचे दिवे लागले होते. पहिल्या वळणालाच आत्याला काच खाली हवी होती आणि आईला वर.

“गुदमरतंय मला या कोटात.”

“मग काढा कोट. माझ्या कानात वारं जातं.”

“कोट काढायचा नाही. छान बसलाय.”

“तो बसतोच छान. शिवून मीच घेतला होता, तुमच्या भावाला कुठली अक्कल?”

दंतवैद्यानं वरच्या आरशात पाहिलं. मागे काळ्या कोटातली, मिशीची एक बाजू लोंबणारी मूर्ती एका खिडकीकडे तोंड करून होती, शेजारी आईची मान दुसऱ्या खिडकीकडे, आणि दोघींमध्ये ती पिशवी. लहानपणी तो मागच्या सीटवर असायचा आणि आई-अण्णा पुढे, आणि भांडण हेच असायचं. त्यानं शक्य तितक्या शांतपणे विचारलं,

“अर्धी काच खाली घेऊ का?”

“तू गाडी चालव!” दोघी एका सुरात म्हणाल्या.

त्यानं गाडी चालवली. तलावाकडचा रस्ता डावीकडून जवळचा होता. तो उजवीकडे, लांबच्या रस्त्याला वळला.